मधे अवकाश सोडा

गेल्या पावसाळ्यात एका दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतली आणि तिसऱ्याच पानावर अडकले, कारण कथेत एक यान आहे, त्या यानाजवळ एक मेगाटनचा, म्हणजे दहा लाख टन टी.एन.टी. स्फोटकाएवढा, अणुबॉम्ब फुटतो आणि यान वाचायला हवं. एवढंच. बाकी नायिका, तिचं आणि कॅप्टनचं भांडण, गुरूच्या चंद्रावरचं बर्फ वगैरे सगळं डोक्यात पक्कं होतं. पण वाचतं म्हणजे नेमकं कशाने वाचतं हे कळल्याशिवाय पुढे लिहिताच येईना. "तिने शील्ड ऑन केली" असं एक वाक्य टाकून मोकळं होता आलं असतं, बरेच जण होतात, पण मी बँकेत लोन डिपार्टमेंटला २२ वर्षं काढलीयेत, तारण काय आहे हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तर मी यान डिझाइन करायला बसले. नाव ठेवलं कासव. लांबी २०० मीटर, गोल नळकांडं, व्यास १० मीटर, आणि पाठ म्हणून चहूबाजूंनी तीन मीटर जाड पोलाद. कागदावर फार भारी दिसत होतं. मग वजनाचा हिशोब केला तर नुसतं पोलाद एक लाख टनाच्या वर, म्हणजे आपल्या विक्रांतसारख्या दोन युद्धनौका आणि वर थोडं, आणि एवढं करून माणसांना राहायला उरला चार मीटर रुंदीचा बोगदा. आत्ता डोक्यावरून फिरतंय ते आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सगळं मिळून सव्वाचारशे टनांच्या आसपास आहे. तरी म्हटलं असू दे, कथा आहे, भविष्यकाळ आहे, इंजिन जबरदस्त आहे.

हे सगळं मी मामाला दाखवलं. माझा मामा पुण्याजवळच्या एका दारूगोळा कारखान्यात आयुष्यभर नोकरीला होता, डी.बी.डब्ल्यू., म्हणजे डेंजर बिल्डिंग वर्कर, त्या ट्रेडचं नावच तसं आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं मामा पडक्या बिल्डिंगीत काम करतो. आता तो ७८ वर्षांचा आहे, एका कानाने कमी ऐकतो, आणि विज्ञानकथा वगैरे त्याला पोरखेळ वाटतात, पण कागदावरचं कासव त्याने चष्मा लावून नीट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आतून काय लावलंयस?"

मी म्हटलं आतून काय लावायचं, आतून पेंट.

"अगं, भिंतीवर खिळा ठोकला की पलीकडच्या खोलीतला गिलावा पडतो ना?"

बस. माझं एक लाख टनांचं कासव तिथेच पालथं पडलं. पण का ते समजायला मला अजून दोन आठवडे लागले, आणि त्यातली मजा मला सांगायचीच आहे.

आपण पृथ्वीवर ज्याला स्फोट म्हणतो, तो बराचसा हवेचा पराक्रम असतो. काचा फुटतात, भिंती कोसळतात, माणूस उडून पडतो, ते हवेच्या धक्क्याने. अंतराळात हवाच नाही, त्यामुळे धडाम नाही, धक्क्याची लाट नाही, सिनेमात दिसतं तसं निळं कडं पसरत जाणं नाही. हे वाचल्यावर पहिल्यांदा मला हायसं वाटलं, म्हटलं सुटलो. पण बॉम्बची ऊर्जा कुठेतरी जाणारच ना. जमिनीजवळ बॉम्ब फुटला की त्यातून निघालेले क्ष-किरण आजूबाजूची हवाच गिळून टाकते, ती भयंकर तापते, तिचा आगीचा गोळा होतो आणि पुढचा सगळा विध्वंस तिथून सुरू होतो. वर गिळायला कोणी नाही, त्यामुळे ऊर्जेचा मोठा भाग क्ष-किरण म्हणून सरळ सुटतो, वाटेत कुठेही न थांबता, आणि येऊन बसतो तुमच्या यानाच्या पाठीवर.

मग मी हिशोब केला, हा कोणालाही घरी करता येतो. एक मेगाटन म्हणजे साधारण ४.१८ गुणिले दहाचा पंधरावा घात इतके ज्यूल. ही सगळी ऊर्जा गोलाकार पसरते असं धरलं तर एक किलोमीटरवर दर चौरस मीटरला येतात ३३ कोटी ज्यूल. (तेहतीस कोटी! आकडा बघून मी खरंच हात जोडले.) पण तेच दहा किलोमीटरवर ३३ लाख, आणि शंभर किलोमीटरवर फक्त ३३ हजार. आता फक्त म्हणजे किती, तर पृथ्वीच्या अंतरावर अंतराळात ऊन पडतं ते दर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे १३६१ ज्यूल. म्हणजे एक मेगाटनचा बॉम्ब शंभर किलोमीटरवर फुटला तर तुमच्या पाठीला मिळतं ते २४ सेकंदांचं ऊन. दहा किलोमीटरवर ४१ मिनिटांचं. एक किलोमीटरवर जवळजवळ तीन दिवसांचं.

अंतर दहापट, मार शंभरावा हिस्सा. पोलादाचा एक खिळाही न लावता. तीन मीटर जाडीची भिंत बांधत बसण्यापेक्षा यानाला थोडं आधी पळता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हाच वाटलं होतं, पण कासव नाव ठेवून बसले होते ना.

आता यातली मेख. ४१ मिनिटांचं ऊन ऐकायला काही वाटत नाही, आपण मे महिन्यात बसस्टॉपवर यापेक्षा जास्त खातो. पण हे ऊन येतं सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि मुरतं केसाच्या जाडीएवढ्या थरात. त्या थराला तापून आतल्या धातूला उष्णता द्यायलाही सवड मिळत नाही. त्याची तिथल्या तिथे वाफ होते. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो स्वतःच्याच वाफेवर उसळतो, तसं, फक्त इथे वाफ बाहेर उडते आणि तिच्या रेट्याने उरलेली भिंत आत ढकलली जाते. रॉकेट जसं चालतं तसंच, पण सगळा पृष्ठभाग एकाच क्षणी रॉकेट झालेला. त्या दणक्याची लाट पोलादातून आत धावते, आतल्या पृष्ठभागावर पोचते, पुढे जायला काही नाही म्हणून उलटी फिरते, आणि उलटी फिरताना धातूला ताणते. आणि मग मामाचा गिलावा. आतल्या बाजूने पोलादाची कपची सुटते आणि गोळीच्या वेगाने खोलीत येते. बाहेरून यान शाबूत, आत माणसं ठार.

मामाला हे ठाऊक होतं कारण रणगाड्यावर मारायचे काही गोळे याच तत्त्वावर असतात. ते चिलखत फोडून आत जात नाहीत, बाहेरून शेणाच्या गोवरीसारखे थापले जाऊन फुटतात, आणि आतली कपची उडवतात. म्हणून रणगाड्यांच्या आतून मजबूत कापडासारखं अस्तर लावायची पद्धत आली. "आतून काय लावलंयस" म्हणजे ते.

मग मी विचारलं, तुमच्या कारखान्यात भिंती किती जाड असायच्या? मला वाटलं आता तो काहीतरी भव्य सांगेल. तर तो भिंतींबद्दल बोलेचना. म्हणाला शेडचं छप्पर हलकं असायचं, मुद्दाम. फुटलंच तर वर जाऊ दे. दोन शेडच्या मधे मातीचा उंच बांध, त्यावर गवत. आणि बांधाच्या आधी नुसती मोकळी जागा, "मधे अवकाश सोडायचा, जेवढा माल तेवढा अवकाश." दारावर पाटी, या खोलीत एका वेळी माणसं इतकी, माल इतका किलो, त्याच्यावर एक माणूस नाही की एक किलो नाही. बुटाला लोखंडी खिळे नकोत, खिशात काडेपेटी नको, आत जाताना तांब्याच्या पट्टीला हात लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज जमिनीत जाते, हत्यारं पितळेची. हे सगळं तो देवळात जायचे नियम सांगावेत तसं सांगत होता. अख्ख्या सिस्टीममधे स्फोट अडवायचा असं कुठे नव्हतंच. स्फोट होणार हे धरलेलं, फक्त तो एका शेडपुरता राहावा.

आणि अवकाश हा शब्द त्याने किती सहज वापरला बघा. मी आयुष्यभर अवकाश म्हणजे वरचं ते काळं, यानं फिरतात ते, असंच धरून चालले होते.

घरी येऊन कासव फाडलं नाही, पण पाठ सोलून काढली. तीन मीटर पोलादाऐवजी बाहेर एक पातळ पत्रा, मग पोकळी, मग आत दुसरी भिंत. ही आयडिया माझी नाही, फ्रेड व्हिपल नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९४७ मधेच सुचवली होती, तेव्हा एकही उपग्रह वर गेलेला नव्हता. त्याचा विचार उल्केच्या कणांचा होता. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा वाळूएवढा कण पातळ पत्र्यावर आपटला की पत्रा त्याला अडवत नाही, पण त्या आपटण्यात कणाचाच चुरा होतो, थोडा वितळतो, वाफ होते, आणि मागच्या पोकळीत तो ढग पसरतो. मागच्या भिंतीला बुक्कीऐवजी थप्पड बसते. पत्र्यापेक्षा काम पोकळीचं जास्त. अंतराळस्थानकाला अशीच दुहेरी कवचं आहेत, मधे सिरॅमिकचं कापड आणि केव्हलार हे चिवट कापड भरलेली. युरोपच्या जिओट्टो यानालाही होतं. मार्च १९८६ मधे ते हॅले धूमकेतूजवळून सेकंदाला ६८ किलोमीटर वेगाने गेलं, सुमारे ६०० किलोमीटर अंतरावरून, आणि शेवटच्या काही सेकंदांत एका कणाच्या धक्क्याने भेलकांडलं, कॅमेरा कायमचा गेला, पण यान जिवंत राहिलं. त्याच सुमारास बाबांनी आम्हाला पहाटे उठवून गच्चीवर नेलं होतं, आणि मला कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी दिसलं किंवा दिसलं असं मी खोटं सांगितलं, आता आठवत नाही.

क्ष-किरणांसाठीही हे चालतं. बाहेरचा पत्रा पहिला मार स्वतः खातो, त्याची वाफ होते तर होऊ दे, पण तो दणका धातूतून धातूत सरळ आतल्या भिंतीत उतरत नाही, मधे पूलच नाही. वाफ पोकळी ओलांडून आदळते, पण पसरून, जरा सावकाश. अर्थात पत्रा एकदाच उपयोगी, दुसऱ्या बॉम्बला पाठ उघडी. म्हणून एकाऐवजी पाच पत्रे, मधे पाच पोकळ्या. वजन कितीतरी कमी झालं.

हे काढताना मला सारखा राजगड डोळ्यासमोर येत होता. संजीवनी माचीवर जे गेलेत त्यांना चिलखती बुरूज माहीत असतील, बाहेर एक तट, आत दुसरा, आणि दोघांच्या मधे माणूस जेमतेम चालेल अशी खोल चिंचोळी वाट. कॉलेजात असताना ट्रेकला गेलो तेव्हा त्या फटीत उतरून आम्ही फोटो काढले होते आणि एक मैत्रीण खरचटून बाहेर आली होती. तिथे गणित वेगळं आहे, तोफेचा मार बाहेरच्या भिंतीने खायचा आणि शत्रू आत आलाच तर त्या फटीत सापडायचा, क्ष-किरणांशी काही संबंध नाही. पण बाहेरची भिंत पडेल हे आधीच धरून बांधायचं, ही अक्कल तीच आहे.

नंतर आकार. नळकांडं बॉम्बकडे आडवं असेल तर त्याची दिसणारी बाजू २००० चौरस मीटर, आणि टोक त्याच्याकडे केलं तर ७९. म्हणजे नुसतं तोंड वळवून मार पंचविसावा हिस्सा. त्यात टोक पेन्सिलीसारखं निमुळतं केलं तर जी काही ऊर्जा येते ती तिरप्या उतारावर पातळ पसरते, सकाळचं ऊन कौलावर पडतं तशी. त्यामुळे माझी नायिका आता शील्ड ऑन करत नाही, ती जिवाच्या आकांताने यान वळवते. कथेच्या दृष्टीने हे फारच बरं झालं, कारण २०० मीटरचं यान वळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कॅप्टनशी भांडण उरकता येतं.

इथपर्यंत मी खुशीत होते. मग खऱ्या घटना वाचायला लागले आणि खुशी उतरली.

९ जुलै १९६२ ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटावर, ४०० किलोमीटर उंचीवर, १.४ मेगाटनचा बॉम्ब फोडला, नाव स्टारफिश प्राइम. हजार किलोमीटरहून कितीतरी लांब असलेल्या हवाईत आकाश रंगीत झालं आणि रस्त्यावरचे काही दिवे गेले. धक्का नाही, आवाज नाही, दिवे गेले. आणि बॉम्बमधले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून त्यांचा एक पट्टाच तयार झाला, जो वर्षानुवर्षं टिकला. दुसऱ्याच दिवशी वर गेलेला टेलस्टार हा संदेशवहनाचा उपग्रह त्यातून फिरत राहिला आणि काही महिन्यांत त्याची सर्किटं बंद पडली. ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल, तोही आजारी पडला. कोणाच्याही पाठीला ओरखडा नाही. बिचाऱ्यांच्या नसा गेल्या. म्हणजे माझ्या पाच पत्र्यांच्या आत, विजेचा झटका अडवायला, एक तांब्याची जाळी पाहिजे, प्रत्येक वायर जिथून आत शिरते तिथे फिल्टर पाहिजे, आणि एक साधा हाताने फिरवायचा व्हॉल्व्हही.

आणि पॅसिफिकमधलंच बिकिनी बेट, १९४६. जुलैमधे तिथे नव्वदहून जास्त जहाजं नांगरून ठेवली आणि दोन बॉम्ब फोडले, पहिला हवेत, दुसरा पाण्याखाली. बरीच जहाजं तरंगत राहिली. पण दुसऱ्या स्फोटाने उडालेलं किरणोत्सारी पाणी त्यांच्यावर असं काही बसलं की खलाशांनी साबणाने घासलं, रंग खरवडला, तरी जाईना. जर्मनांकडून मिळालेलं प्रिन्झ ऑयगन हे जहाज दोन्ही स्फोटांतून वाचलं, आणि मग एका साध्या गळतीने डिसेंबरमधे क्वाजालीन बेटापाशी उलटलं, कारण दुरुस्तीला आत माणूस पाठवण्यासारखं ते राहिलंच नव्हतं. बॉम्बने नाही, प्लंबर न मिळाल्याने बुडालं असं म्हणायचं का? मला ते जहाज फार लागलं मनाला. त्यानंतर मी यानात एक गाभारा केला, चहूबाजूंनी पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, धान्य, कपडे, जे न्यायचंच आहे तेच रचून. न्यूट्रॉन अडवायला शिशापेक्षा पाणी बरं, त्यात हायड्रोजन असतो म्हणून. स्फोटाच्या वेळी सगळ्यांनी तिथे दाटीवाटीने बसायचं. आजीच्या घरातलं माजघर.

मधे एक गंमत म्हणजे अणुबॉम्बजवळ यान कसं टिकेल याचा सगळ्यात मन लावून विचार ज्यांनी केला, त्यांना बॉम्बपासून वाचायचंच नव्हतं, त्यांना त्यावर बसून जायचं होतं. प्रोजेक्ट ओरायन, १९५८ पासून काही वर्षं, टेड टेलर आणि फ्रीमन डायसन हे दोन भौतिकशास्त्रज्ञ. यानाच्या मागे एक जाड थाळी, तिच्या आणि यानाच्या मधे प्रचंड शॉक अॅब्सॉर्बर, आणि मागे एकेक छोटा अणुबॉम्ब टाकून फोडत पुढे जायचं. थाळी झिजू नये म्हणून दर स्फोटाआधी तिच्यावर तेलाचा फवारा. आपण इडलीपात्राला हात फिरवतो तसा! पॅसिफिकमधल्या एनिवेटोक बेटावरच्या अणुचाचणीत ग्रॅफाइट लावलेले पोलादी गोळे स्फोटाच्या अगदी जवळ टांगले होते आणि ते जवळपास जसेच्या तसे सापडले, त्यातून त्यांना हा विश्वास आला. १९६३ मधे वातावरणात आणि अंतराळात चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि ओरायनचा श्वास तिथेच अडकला. चांगलंच झालं असं मला वाटतं, पण तो तेलाचा फवारा मी ढापलाय.

मामाला सुधारलेलं यान दाखवायला पुन्हा गेले. त्याने गाभाऱ्यावर मान डोलावली, पत्र्यांवर डोलावली, आणि मग बोट ठेवलं माझ्या स्वतःच्या दारूगोळ्यावर. यानात क्षेपणास्त्रं होती, आणि जागा वाचावी म्हणून मी ती इंधनाच्या टाकीशेजारी, कपड्यांच्या गोदामाखाली ठेवली होती.

"फोर्ट स्टिकीन," तो म्हणाला. एवढंच.

१४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्याच्या वरखाली कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापूस पेटला, दोन तास पाणी मारत राहिले, संध्याकाळी चारनंतर जहाज दोनदा फुटलं. शेकडो माणसं गेली, सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली, सोन्याच्या विटा लोकांच्या घरांवर येऊन पडल्या. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली, त्यांच्यासाठी अजून दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. शत्रूचं एकही विमान आलं नव्हतं. मी सबंध महिना बाहेरच्या बॉम्बचा विचार करत होते, स्टारफिशचे १४ लाख टन, आणि आत माझेच १४०० टन कापसात गुंडाळून ठेवले होते. (आकडे असे जुळले की मला जरा कसंतरीच झालं.)

मग कासव पांगलं. क्षेपणास्त्रं बाहेर, लांब तारांवर लोंबत, हलक्या टोपणाच्या डब्यांत, फुटली तर बाहेरच्या बाजूला फुटतील अशी. अणुभट्टी दुसऱ्या टोकाला. मग वाटलं माणसंही एका ठिकाणी कशाला, चार तुकडे करा यानाचे, एकमेकांपासून वीस वीस किलोमीटर, प्रत्येकात तीन माणसं, बाहेर पाटी, माणसं तीन, माल इतका. एक गेलं तर नऊ जण उरतात. गणिताने बिनतोड. (उष्णता बाहेर टाकायचे ते मोठे पंख, रेडिएटर, त्यांना कवच घालता येत नाही, कवच घातलं की उष्णताच बाहेर जात नाही, ते फक्त मिटून घ्यायचे आणि थोडा वेळ आत शिजत बसायचं. हा प्रश्न मी सोडवलेला नाही, कथेत लपवलाय.)

हे फायनल म्हणून मामाला फोनवर वाचून दाखवलं. त्याने दोनदा "काय? काय?" केलं, मग सगळं ऐकून घेतलं.

"जेवायला कुठे बसतात?"

मी म्हटलं, आपापल्या तुकड्यात, तिघं तिघं.

"किती महिने?"

"चौदा."

बराच वेळ फोनवर नुसता त्याच्या पंख्याचा आवाज. मग म्हणाला, "आमचं कँटीन लांब होतं. शेडपासून पंधरा मिनिटं चालायचं. पावसात भिजत जायचो. पण सगळे जायचो." आणि मग अंक कधी निघणार, संपादकांना कधी द्यायचंय वगैरे विचारलं, मी म्हटलं महिना आहे, तर म्हणाला, "मग अवकाश आहे की."

त्या रात्री ड्रॉइंग पुन्हा उघडलं. चार तुकड्यांच्या बरोबर मधे एक गोल काढला, व्यास आठ मीटर, बारा खुर्च्या, एक लांब टेबल. पत्रा एकच. तिथे गाभारा बसत नाही, पाण्याच्या टाक्या न्यायच्या तर वजन पुन्हा वाढतं, आणि बारा माणसं एका जागी म्हणजे मामाच्याच पाटीचा नियम मोडतो. बॉम्ब नेमका जेवणाच्या वेळेला फुटवायचा की नाही, हे अजून ठरवलेलं नाही.